हाडाला तीन महिने लागतात

पहाटे पाचला भडगावहून पाचोऱ्याच्या नाहीतर चाळीसगावच्या रस्त्याला लागलात, तर गाडीच्या उजेडात सगळ्यात आधी बूट दिसतात. दूधवाल्याच्या आधी, एसटीच्या आधी. पाच-सहा पोरं एका रांगेत, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आतबाहेर करत पळत असतात. थोडं पुढं दोन मुली, आणि त्यांच्यामागं मोटरसायकलवर कुणाचा तरी बाप, हेडलाइट त्यांच्या पायांवर धरून. या पोरांवर गेल्या काही वर्षांत भरपूर रील्स निघाली. स्लो मोशनमध्ये घाम, मागं ढोल, आणि वर एक वाक्य, ज्याचा अर्थ एवढाच की ज्याला दुखतं त्यानं घरी बसावं.

त्या रीलमध्ये न येणारी एक चाचणी सांगतो. त्या पोरांना थांबवा आणि म्हणा, एका पायावर दहा उड्या मारून दाखव. आधी उजव्या, मग डाव्या. कुणीतरी चौथ्या-पाचव्या उडीला चेहरा आवळतो आणि हसून म्हणतो, "काही नाही भाऊ, जरा नडगी भरलीय." किती दिवस झाले विचारलं तर खाली बघतो. मी हे खात्रीनं सांगतो, कारण एके काळी तो खाली बघणारा मीच होतो.

शाळेत मी आठशे आणि पंधराशे मीटर पळायचो. विभागापर्यंत गेलो. बारावीनंतर त्याच पायांवर पोलीस भरतीची तयारी सुरू केली. तालुक्याच्या गावात ॲथलीट आणि भरतीचा उमेदवार ही दोन माणसं नसतात. शाळेत जो पळतो तोच पुढं भरतीला पळतो, कारण पळण्याचा दुसरा काही उपयोग त्याला कुणी दाखवलेला नसतो. मैदानी चाचणीच्या पाच आठवडे आधी माझी डावी नडगी दुखायला लागली. मी कुणाला सांगितलं नाही. चाचणीच्या दिवशी दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन उभा राहिलो आणि तिसऱ्या फेरीत खाली बसलो. हाडाला भेग होती. आज त्या पायानं मी नीट चालतो. पळत नाही.

ही माझी रडकथा म्हणून सांगत नाही. माझ्याबरोबर जे झालं ते नशीब नव्हतं, आणि मी कच्चा होतो म्हणूनही झालं नाही. ते ठरल्याप्रमाणे झालं. आपण या पोरांना ज्या वेळापत्रकावर पळवतो त्यातून हेच निघणार, दुसरं काही निघू शकत नाही. तक्रार त्या वेळापत्रकाबद्दल आहे.

जिला तारीख नसते ती दुखापत

दुखापत म्हटलं की आपल्याला पडणं आठवतं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत अविनाश साबळे पडला, गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा पडताना सगळ्यांनी पाहिला. त्या दुखापतीला तारीख होती, व्हिडिओ होता, म्हणून हळहळही होती.

अतिवापराच्या दुखापतीला तारीख नसते. ती एका दिवसात होत नाही, त्यामुळे कधी झाली हे सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून कुणी खरं मानत नाही. नडगीच्या आतल्या कडेनं पसरलेली ठणक, गुडघ्याच्या वाटीखाली जिना उतरताना येणारी कळ, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत घुसणारा खिळा, घोट्यामागच्या शिरेचा जाडपणा. सुरुवातीला धावताना गरम झालं की दुखणं जातं. मग धावून झाल्यावर परत येतं. मग धावतानाही राहतं. मग रात्री झोपेतही. या चार पायऱ्या आहेत आणि आपल्याकडं चौथ्या पायरीपर्यंत सगळे एकच सांगतात: पळ, मोकळं होईल.

हाड ही मेलेली वस्तू नाही. आपण त्याच्यावर भार टाकला की शरीर आधी तिथलं जुनं, थकलेलं हाड पोखरून काढतं आणि मग नवीन, जास्त मजबूत हाड भरतं. शेतकऱ्याच्या पोराला हे समजावायला नको. बांध पक्का करायचा तर आधी ढासळलेली माती काढावी लागते. अडचण वेळेची आहे. पोखरायचं काम साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायच्या कामाला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे अचानक जोरात पळायला लागलेल्या माणसाचं हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरुवातीपेक्षा कमजोर असतं. बाहेरून मात्र तेव्हाच तो सगळ्यात फिट दिसतो. दम वाढलेला असतो, वेळ सुधारलेली असते, सर खूश असतात. छाती आणि मांड्या तयार झाल्यात, हाड अजून उघड्या बांधासारखं पडलंय, आणि आपण तेव्हाच पाणी सोडतो.

भार केवढा, याचा हिशोब करून बघा. धावताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्याला वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं परत मारते. साठ किलोचा पोरगा दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांत पळाला, मिनिटाला 170 पावलं धरली, तर साडेनऊ हजारांच्या आसपास पावलं होतात. एका पायाच्या वाट्याला साधारण 4,700. अडीच पट म्हणजे दर पावलाला दीडशे किलो. बेरीज सातशे टनांवर जाते. आपल्या भाषेत, दहा टनी सत्तर ट्रक केळी, एका नडगीवर, रोज सकाळी. शरीर हे पेलू शकतं. त्यासाठीच ते बनलंय. पण कालपर्यंत दहा ट्रक उतरवणाऱ्या हमालाला आज सत्तर उतरव म्हटलं, तर त्याच्या हिमतीची परीक्षा होत नाही, त्याची पाठ मोडते.

सरकारचं कॅलेंडर

आता या तीन महिन्यांच्या शेजारी भरतीचं वेळापत्रक ठेवा.

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. पुरुषांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. महिलांना 1600 च्या जागी 800 मीटर. 1600 मीटरला 20 पैकी 20 पाहिजेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. मैदानात निम्मे गुण नाहीत तर लेखी परीक्षेचं नावच नको. अग्निवीरच्या मेळाव्यात 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत असेल तर पूर्ण 60 गुण. या वेळा जगाच्या हिशोबानं मोठ्या नाहीत, पण कापूस वेचणाऱ्या, पाणी भरणाऱ्या पोरासाठी खऱ्या मेहनतीच्या आहेत. मेहनतीला माझा विरोध नाही.

विरोध आहे तो तारखेला. जाहिरात कधी येईल कुणालाच माहीत नसतं. यंदा निघणार, पावसाळ्यानंतर निघणार, निवडणुकीनंतर निघणार. पोरगा दोन महिने पळतो, मग कंटाळतो, मग शेतात जातो. मग एके दिवशी मोबाइलवर पीडीएफ येते आणि गाव जागं होतं. 2024 च्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या आसपास जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले आणि मैदानी चाचण्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाल्या. हॉल तिकीट हातात पडल्यापासून मैदानापर्यंत जे दिवस मिळतात त्यात पोरगा वर्षभराचं पळणं कोंबतो. सकाळी दहा किलोमीटर, संध्याकाळी चारशेच्या रिपिटेशन, रविवारी "टेस्ट". म्हणजे हाड ज्या आठवड्यांत सगळ्यात पोकळ असतं, बरोबर त्याच आठवड्यांत आपण त्याची परीक्षा घेतो.

त्या चाचण्यांत धावताना काही उमेदवार दगावले तेव्हा बातम्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. पण ज्यांची हाडं तडकली, ज्यांनी मैदान अर्धवट सोडलं, त्यांची नोंद फक्त "अपात्र" या शब्दात झाली. अपात्र ठरण्याचं कारण कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही.

गंमत बघा. ही गोष्ट सैन्याला नवीन नाही. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांबच्या चालीनंतर सैनिकांचे पाय सुजतात, दुखतात याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. पुढं कळलं की पायाच्या पंजातली हाडं तडकलेली असायची. डॉक्टर आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. इस्रायलच्या सैन्यात डॉक्टरांनी पंचवीस वर्षं या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि शेवटी जे उपाय कामी आले ते अगदी साधे होते: चालायचं एकूण अंतर कमी करा आणि जवानांना रोज किमान सहा तास झोपू द्या. भेगांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे वर्दी मिळाल्यावर कुठल्याही शहाण्या सैन्यात ज्याची काळजी घेतात, ते वर्दी मिळण्याआधी या पोरांना सांगायला कुणीच नाही.

खान्देशात हे जास्त का होतं

सहा तासांची झोप. आता हे भडगाव तालुक्यातल्या पोराला सांगून बघा. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्री येते. रात्री एकला मोटर चालू करायला विहिरीवर जायचं, दोन-तीन तास बारे द्यायचे, आणि साडेचारला बूट घालायचे. उशिरा पळू म्हटलं तर एप्रिल-मेमध्ये नऊ वाजता रस्ता तापलेला असतो आणि दुपारी पारा 43-44 वर. त्यामुळे पळायचं ते पहाटेच, आणि झोपेतून काढून.

मग जमीन. शेतातली काळी माती पावसात बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की घोटा मुरगळतो. म्हणून पोरं रस्त्यावर येतात. डांबर नाहीतर काँक्रीट. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता असतो, पोरं रोज एकाच कडेनं पळतात, त्यामुळे एक पाय कायम खालच्या बाजूला. लाल सिंथेटिक ट्रॅक मी आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला बालेवाडीत पाहिला, तोही प्रेक्षक म्हणून. आणि बूट तळ झिजून गुळगुळीत होईपर्यंत वापरायचे, मग लहान भावाला द्यायचे.

मग पोट. उपाशीपोटी पळालं की चरबी जळते, हे रीलनं शिकवलंय. चार वाजता उठून रिकाम्या पोटी दहा किलोमीटर, मग चहा-टोस, मग अकराला भाकरी. ज्या जिल्ह्यातून देशभर केळी जातात तिथला पळणारा पोरगा पळायच्या आधी एक केळं खात नाही, कारण सर म्हणाले पोट जड होतं. हाड भरायला लागणारा माल शरीरात येतच नसेल तर तीन महिने काय, सहा महिने दिले तरी बांध भरणार नाही.

मुलींच्या बाबतीत हे आणखी गंभीर आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी पाळी बंद करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं: खर्चापेक्षा ऊर्जा कमी पडली की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, सगळंच ढासळतं. पाळी थांबणं म्हणजे हाडांना मिळणारं संरक्षण थांबणं. आपल्याकडं दोन-तीन महिने पाळी आली नाही तर मुलीला सुटल्यासारखं वाटतं, कारण मैदानावर कपडे बदलायला जागा नसते. सांगणार कुणाला? सर पुरुष, मोटरसायकलवर बाप. ती सांगत नाही, आणि मग नडगी दुखायला लागली की "मुलींना झेपत नाही" असा निकाल लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच घरांतून या मुली येतात. त्यांच्या पळण्याचं कौतुक करताना ताटात काय आहे ते बघायला नको?

"पण कविता राऊत अनवाणी पळायची"

हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. आता त्याला उत्तर देतो.

खरंच आहे. सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी डोंगरातून पाणी आणायची, अनवाणी पळायची, आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरचं ब्राँझ आणलं. साबळे लहानपणी काही किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा. पण या गोष्टी नीट वाचा. या दोघांनी आपली हाडं सात-आठ वर्षांच्या वयापासून, रोज थोडं थोडं करून, दहा वर्षांत बांधली. तीन आठवड्यांत नाही. तुम्ही माझ्याविरुद्ध दिलेला दाखला माझ्याच बाजूनं साक्ष देतो.

दुसरं, आपल्याला टिकलेले दिसतात. जे त्याच रस्त्यावर, तेवढ्याच जिद्दीनं पळाले आणि मोडले, त्यांच्यावर कुणी रील काढत नाही. ते आज जिनिंगमध्ये, दुकानात, शेतात आहेत. थंडीत नडगी धरून बसतात.

तिसरं, जिद्दीची ही पूजा कुठपर्यंत जाते ते आपण एकदा पाहिलंय. 2006 मध्ये ओडिशात बुधिया सिंग नावाच्या चार वर्षांच्या मुलाला पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत 65 किलोमीटर पळवलं. सात तास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं टाळ्या वाजवत होती. पुढं सरकारनं त्याच्या अशा पळण्यावर बंदी घातली. टाळ्या वाजवणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना वाटत होतं की ते हिमतीचं कौतुक करतायत.

आणि मोठ्यांच्या गोष्टी पूर्ण सांगा ना. पी. टी. उषा 1984 ला एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं पदक हुकली हे सगळ्यांना पाठ आहे. 1988 च्या सोलला ती टाचेच्या दुखापतीसह उतरली आणि प्राथमिक फेरीतच संपली, हे कुणी सांगत नाही. नीरज चोप्राच्या भाल्याची रील सगळ्यांकडं आहे. 2019 मध्ये त्याच्या फेकीच्या हाताच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तो जवळपास अख्खा मोसम थांबला आणि 2020 च्या जानेवारीत परत येऊन टोकियोसाठी पात्र ठरला, ही रील कुठाय? सुवर्णपदकाच्या आधी थांबणं होतं. त्याला थांबता आलं, कारण त्याच्यामागं डॉक्टर, फिजिओ आणि पगार होता.

क्रिकेटवेड्या पोरांना तर हे जास्त कळायला पाहिजे. जसप्रीत बुमराची पाठ गेली, 2022 चा टी-ट्वेंटी विश्वचषक गेला, पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच जाहीर झालं. तुम्ही मोबाइलवर त्यावरून वाद घातला असेल, पण "वर्कलोड मॅनेजमेंट" हा शब्द तुम्हाला तिथूनच माहीत झाला. मग प्रश्न असा: देशातल्या सगळ्यात श्रीमंत खेळातल्या सगळ्यात सांभाळलेल्या शरीराला मोजूनमापून भार द्यायचा, आणि ज्याच्या घरात एक्स-रे काढायला पैसे नाहीत त्याला म्हणायचं, "सहन कर"? सहनशक्तीची शिकवण नेहमी त्यालाच का दिली जाते ज्याच्याकडं दुसरं शरीर घ्यायला काहीच नाही?

एक्स-रे नॉर्मल, पोरगा नाटकी

समजा एखाद्यानं धीर करून सांगितलं. मग काय होतं?

आधी मालीश. हाडवैद्य भेग असलेल्या नडगीवर अंगठा दाबून तेल चोळतो. नाही थांबलं तर मेडिकलवरून गोळी. नाही थांबलं तर एक्स-रे. आणि एक्स-रे स्वच्छ येतो. कारण अशी भेग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. भरायला लागते तेव्हा दिसते. लवकर बघायचं तर एमआरआय लागतो, आणि त्याला जळगाव, धुळे नाहीतर नाशिक गाठावं लागतं, काही हजार मोजून. घरात हिशोब होतो. एक्स-रे नॉर्मल आहे म्हणजे काही नाही. पोरगा आळशी झालाय. बाप गप्प होतो, सर म्हणतात "मनातून काढ", आणि पोरगा स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. मग तो वेदनाशामक इंजेक्शन घेऊन पळतो. वेदना म्हणजे घरातला कुत्रा आहे, चोर आला की भुंकतो. आपण चोराला सोडून कुत्र्याला गोळी घालतो.

वयाची टांगती तलवार वेगळीच. अग्निवीरसाठी साडेसतरा ते एकवीस. पोलिसांत खुल्या गटाला अठ्ठावीस. ज्याची ही शेवटची संधी आहे तो दुखणं लपवणारच. त्याला खोटारडा म्हणू नका. प्रामाणिकपणाची किंमत नोकरीएवढी ठेवली तर ती कुणाला परवडेल?

मग करायचं काय

मला अकॅडम्यांचा राग नाही. तालुक्यातालुक्यांत माजी सैनिक, खेळाचे शिक्षक मनापासून पोरं तयार करतात, काही तर फुकट. पण चाळीस पोरांना एकच शिट्टी आणि एकच अंतर देणं हे प्रशिक्षण नाही. सोळा वर्षांची नवी मुलगी आणि तीन वर्षं पळणारा बावीसचा पोरगा एकाच दिवशी बारा किलोमीटर पळत असतील तर त्यातल्या एकाला तरी आपण मोडतोय.

मागण्या मोठ्या नाहीत. एक, मैदानी चाचणीची तारीख किमान चार महिने आधी जाहीर करा आणि ती पाळा. याला पैसा लागत नाही. हाडाला तीन महिने लागतात, तर शासनानं चार द्यावेत. दोन, वैद्यकीय प्रमाणपत्रावर त्याच भरतीत एकदा पुढची तारीख मिळू द्या, म्हणजे दुखणं लपवायचं कारणच जाईल. खोटी प्रमाणपत्रं येतील, हो. सरकारी डॉक्टरकडून तपासून घ्या. तीन, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. चार, फी घेणाऱ्या प्रत्येक अकॅडमीत प्रत्येक मुलाच्या नावाची वही असावी: आज किती पळाला, कुठं दुखलं. अमेरिकेत लिटल लीग बेसबॉलनं 2007 पासून कोणत्या वयाच्या मुलानं एका दिवसात किती चेंडू फेकायचे यावर मर्यादा घातली. मोजणारे तिथले पालक आणि प्रशिक्षकच असतात. मोजायला श्रीमंती लागत नाही, वही लागते.

"एवढे लाड केले तर सैनिक कसे घडतील?" असं कुणी म्हणेल. भेगाळलेल्या नडगीचा सैनिक कुठल्या सीमेवर उपयोगाचा आहे ते त्यांनीच सांगावं.

आणि तू, जो हे बसस्टँडवर नाहीतर पळून आल्यावर ओट्यावर बसून वाचतोयस. तुझ्यासाठी सरकार उद्या बदलणार नाही, म्हणून एवढं लक्षात ठेव. जाहिरातीची वाट बघू नकोस. पीडीएफ नसतानाही आठवड्यातून तीन-चार दिवस थोडं थोडं पळत राहा, म्हणजे हाड उघडं पडणार नाही. वाढवायचं तर हळू वाढव. आठवड्याला दहा टक्के ही काही दगडावरची रेघ नाही, पण एका आठवड्यात दुप्पट करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नकोस. पळायच्या आधी केळं खा. मोटर लावायला रात्री उठलास तर त्या सकाळी पळू नकोस, झोप. रस्त्याची बाजू बदलत जा, जिथं समोरून येणारी गाडी दिसेल तिथंच.

नडगीवर बोट फिरव. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर पळणं कमी कर आणि बघ. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्री ठणकत असेल, तर त्या दिवशी बूट काढ. जांघेत खोल दुखत असेल तर एक पाऊलही पळू नकोस, डॉक्टरकडं जा. तिथलं हाड सरकलं तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर राहत नाही. थांबावं लागलं तर बहुतेक भेगा सहा-आठ आठवड्यांत भरतात. सहा आठवडे खूप वाटतात. मला विचार, सहा आठवडे किती थोडे असतात.

आणि सांग. सरांना सांग, घरी सांग. आपल्या अहिराणीत तीन शब्दांचं वाक्य आहे: पाय दुखी ऱ्हायना. मला पाच आठवडे ते तोंडातून काढता आलं नाही. तू उद्या सकाळीच सांग, बूट घालायच्या आधी.